घर आणि वाट : भडगावहून पदव्युत्तर शिक्षणाला निघताना

भडगावच्या मुलामुलींचे पदवीपर्यंतचे शिक्षण घरच्या जेवणावर होते. गावात रजनीताई देशमुख महाविद्यालय आहे, पंधराएक किलोमीटरवर पाचोरा आहे, चाळीसेक किलोमीटरवर चाळीसगाव. पुढे एमएस्सी, एमबीए, एमटेक किंवा एखाद्या विषयातले संशोधन करायचे ठरले की गावाची वेस ओलांडावीच लागते. प्रवेशाच्या यादीत नाव लागते आणि घरात दोन प्रश्न एकदम उभे राहतात : राहायचे कुठे, आणि जायचे-यायचे कसे? बहुतेक घरांत हे प्रश्न वेगवेगळे सोडवले जातात. आधी परवडेल अशी खोली बघायची, प्रवासाचे नंतर पाहू, असा तो क्रम असतो. वास्तविक हा हिशेब एकच आहे. भाडे, रोजचा प्रवासखर्च आणि वाटेत जाणारे तास एका कागदावर मांडल्याशिवाय कोणती खोली स्वस्त आणि कोणती महाग हे कळत नाही.

पहिला निर्णय असतो अप-डाऊन करायचे की रूम करायची, हा. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झाले. त्याआधी खानदेशातली महाविद्यालये पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. २०१८ मध्ये विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव मिळाले. जळगाव शहरापासून आठ-नऊ किलोमीटरवर, बांभोरीजवळ, राष्ट्रीय महामार्गालगतच्या टेकड्यांवर त्याचा परिसर पसरला आहे. भडगावला वळसा घालून जाणारी गिरणाच पुढे याच भागातून वाहते. नदीला ही वाट सोपी आहे, विद्यार्थ्याला मात्र साठ-पासष्ट किलोमीटर कापावे लागतात. त्यासाठी दोन रस्ते आहेत. पाचोऱ्यावरून जाणारी गाडी थेट जळगाव शहरात शिरते, आणि तिथून विद्यापीठासाठी पुन्हा महामार्गाने उलट यावे लागते. कासोदा-एरंडोलवरून गेले तर विद्यापीठ जळगावच्या अलीकडे लागते. ज्याचे वर्ग विद्यापीठातच आहेत त्याने एरंडोलचा रस्ता धरावा आणि ज्याला मूळजी जेठा महाविद्यालयासारख्या शहरातल्या ठिकाणी जायचे आहे त्याने पाचोऱ्याचा. एवढी साधी गोष्ट माहीत नसल्यामुळे कितीतरी जणांचा रोजचा तास वाया जातो.

रेल्वेचा पर्यायही आहे. भडगावला स्टेशन नाही. तालुक्यातले कजगाव आणि शेजारचे पाचोरा ही जवळची स्थानके. भुसावळ-इगतपुरी मेमूसारख्या गाड्या तिथे थांबतात आणि पाचोरा ते जळगाव हे अंतर रेल्वेने तासाच्या आत पार पडते. पण गावापासून स्टेशन, स्टेशनवरून जळगाव, जळगाव स्टेशनवरून विद्यापीठ अशी तीन वाहने बदलावी लागतात, आणि एक चुकले की पुढची साखळी तुटते. विद्यार्थ्यांना रेल्वेचा मासिक पास निम्म्या दरात मिळतो. एसटीच्या मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे भाड्याचा तिसरा हिस्साच भरावा लागतो. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे, त्यामुळे मुलींना पासाची गरज नाही असा समज झाला आहे. रोज जाणाऱ्या मुलीला मात्र विद्यार्थी पासच स्वस्त पडतो, कारण निम्म्यापेक्षा तिसरा हिस्सा कमी. महाविद्यालयाचे बोनाफाईड पहिल्याच आठवड्यात काढून ठेवले की हे काम लवकर मार्गी लागते.

पैशाच्या दृष्टीने अप-डाऊनला तोड नाही. अडचण वेळेची आहे. जाऊन-येऊन चार तास धरले तर सहा दिवसांचे चोवीस तास होतात, म्हणजे आठवड्यातला एक अख्खा दिवस-रात्र रस्त्यावर जातो. पदवीच्या काळात हे चालून जाते, कारण तास संपले की कॉलेज संपते. पदव्युत्तर शिक्षणाचे तसे नाही. प्रयोगशाळेतली अभिक्रिया पाचच्या गाडीसाठी थांबत नाही, ग्रंथालय संध्याकाळीच निवांत मिळते, प्रकल्पाचे सहकारी आणि मार्गदर्शक वर्गाबाहेर भेटतात. एम.ए. किंवा एम.कॉम. करणारा, बाकी वेळ शेतीत वा दुकानात हात देणारा विद्यार्थी अप-डाऊन करून उत्तम गुण मिळवू शकतो. विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या शाखांत निदान दुसऱ्या वर्षी तरी विद्यापीठाजवळ राहणे हेच शहाणपणाचे आहे, मग त्यासाठी घरच्यांना थोडी ओढाताण करावी लागली तरी.

जळगावात राहायचे तर पहिला अर्ज विद्यापीठाच्या वसतिगृहाचा. तिथे नंबर लागला नाही तर शहराच्या पश्चिमेला, महामार्गालगतच्या खोटेनगर, पिंप्राळा या बाजूला खोली बघावी. विद्यापीठाकडे जाणारी एसटी किंवा शेअर रिक्षा तिथून पटकन मिळते. स्टेशनच्या पूर्वेला भाडे कमी सांगितले तरी रोज सगळे शहर ओलांडावे लागते.

जेवणाची सोय घरून होऊ शकते, हा जवळच्या गावाचा मोठा फायदा. एसटीच्या सवलतींच्या यादीत एक नोंद फारशी कुणाला ठाऊक नसते : विद्यार्थ्यांचे जेवणाचे डबे एसटीतून पूर्ण मोफत नेले जातात. तालुक्याच्या ठिकाणी शिकणाऱ्या पोरासाठी सकाळच्या गाडीत चालकाच्या केबिनमध्ये ठेवलेले, कापडी पिशवीत बांधलेले, नाव-गाव लिहिलेले डबे महाराष्ट्रातल्या अनेक पिढ्यांनी पाहिले आहेत. कळण्याची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दुपारपर्यंत टिकते; वरण-भात टिकत नाही. दुसऱ्या स्थानकावर डबा उतरवून घ्यायला वेळेवर कुणी हजर हवे, एवढीच त्यातली अट.

घरापासून दूर शिकणाऱ्याला निवारा देणे हे समाजाचे काम आहे, ही जाणीव महाराष्ट्रात जुनी आहे. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू करून दिले आणि पुढे वेगवेगळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभी राहिली. खानदेशाचे उदाहरण त्याहून जिव्हाळ्याचे आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते आणि छात्रालयाचे कामही पाहत. मुलांच्या खोल्या झाडणे, अंथरुणे आवरणे ही कामे ते स्वतः करत आणि मुलांसाठी हाताने लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढत. पुण्यात अच्युतराव आपटे यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली विद्यार्थी साहाय्यक समिती आजही ग्रामीण विद्यार्थ्यांना अल्प खर्चात राहण्या-जेवण्याची सोय देते. तिथे स्वतःची कामे स्वतः करावी लागतात आणि शिस्त कडक असते. पुण्याला जाणाऱ्या भडगावच्या विद्यार्थ्याने विद्यापीठाच्या वसतिगृहाबरोबरच अशा संस्थांकडेही अर्ज करावा. निवड मुलाखतीने होते आणि परिस्थितीचे दाखले लागतात, म्हणून उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून मे-जूनमध्येच काढून ठेवलेला बरा. जुलैत सेतू केंद्रावर रांग लागते.

पुण्याचा प्रश्न जळगावपेक्षा कितीतरी अवघड आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा गणेशखिंडीतला परिसर ४११ एकरांचा, आत वसतिगृहे, जेवणासाठी रिफेक्टरी, अभ्यासाला जयकर ग्रंथालय. पण जागा थोड्या आणि उमेदवार साऱ्या महाराष्ट्रातले. शिवाय वसतिगृहाची यादी प्रवेशाच्या यादीनंतर लागते, तोवर वर्ग सुरू झालेले असतात. या मधल्या आठवड्यांतच घाईचे आणि चुकीचे निर्णय होतात. काही जण ओळखीच्या मित्राच्या खोलीत अंथरूण टाकतात. विद्यापीठात अशांना ‘पॅरासाइट’ म्हणतात. चार दिवस पाहुणा म्हणून राहणे वेगळे आणि सत्र काढणे वेगळे. तपासणीत सापडल्यास ज्याची खोली आहे त्याचाही प्रवेश धोक्यात येतो, म्हणून मित्राला या पेचात टाकू नये. मधल्या काळासाठी महिना-दीड महिन्यापुरती कुणाच्या खोलीतली एक कॉट भाड्याने घ्यावी आणि यादीत नाव लागले की सोडावी. घेतानाच तसे बोलून ठेवले तर डिपॉझिटवरून वाद होत नाही.

बाहेर राहायचे झाल्यास जागा कोणती? सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांत स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांची दाटी असते, अभ्यासिका आणि मेस पावलापावलावर मिळतात, पण विद्यापीठात शिकणाऱ्याला तिथून रोज बस पकडावी लागते. औंध रस्ता, खडकी, बोपोडी हा भाग विद्यापीठाच्या फाटकाजवळचा. नदीपलीकडे सांगवी, पिंपळे गुरव इथे खोल्या जरा मोठ्या आणि भाडे कमी. या भागात आणि एकूणच पिंपरी-चिंचवडमध्ये कारखान्यांमुळे येऊन स्थायिक झालेली खानदेशी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. नाशिकला सिडको-सातपूर, गुजरातेत सुरतचे उधना-लिंबायत यांचेही तसेच. अनोळखी शहरात अहिराणी बोलणारा घरमालक किंवा शेवभाजी करणारी मेस मिळणे हा मनाला केवढा तरी आधार असतो. बहुतेकांची पहिली खोली अशाच ओळखीतून मिळते, वर्तमानपत्रातल्या जाहिरातीतून नव्हे. ओळखीतून मिळालेल्या खोलीत दलाली वाचते. दलालामार्फत घेतली तर बहुधा महिन्याच्या भाड्याइतकी रक्कम तिथेच जाते.

नातेवाइकांच्या घरी राहण्याचा मार्ग सर्वांत आधी सुचतो. मामा-मावशीकडे दोन वर्षे राहून शिकलेल्यांची संख्या कमी नाही आणि त्या घरांचे ऋण मोठे आहे. तरी एका खोलीच्या संसारात मोठ्या मुलाने रात्री दीडपर्यंत दिवा लावून बसणे यजमानांना आणि त्यालाही जड जाते. सुरुवातीचे दोन-तीन महिने नातेवाइकांकडे, तोवर शहराची माहिती, मग मित्रांबरोबर खोली, हा मध्यम मार्ग नाती सांभाळतो.

अंतराचा हिशेब इथेही तसाच करावा. पुण्यात पीएमपीचा मासिक पास मिळतो आणि मेट्रोत विद्यार्थी कार्डावर ३० टक्के सवलत आहे. पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट आणि वनाज ते रामवाडी या मेट्रोच्या दोन्ही मार्गिका जिल्हा न्यायालय (पूर्वीचे सिव्हिल कोर्ट) स्थानकात एकमेकींना भेटतात, त्यामुळे मेट्रोजवळची लांबची खोली बसच्या भरवशावर असलेल्या जवळच्या खोलीपेक्षा कधी कधी सोयीची ठरते. जर्मनीत शिकायला गेलेल्या मराठी मुलांना या बाबतीत एक सुख असते : तिथे पुष्कळ विद्यापीठांत सत्राच्या शुल्कातच प्रवासाचे तिकीट असते आणि २०२४ पासून ते देशभरच्या बस व प्रादेशिक गाड्यांत चालते. आपल्याकडे शिक्षणाचे शुल्क एका खिडकीवर, पास दुसऱ्या आणि शिष्यवृत्ती तिसऱ्या. तिन्ही खिडक्यांचे गणित विद्यार्थ्यालाच जुळवावे लागते, आणि हे त्याच्यावर पडणारे अन्यायाचे ओझे आहे.

खोली ठरली की सर्वांत महत्त्वाची गोष्ट येते, ती म्हणजे कागद. कॉट बेसिसवर राहणाऱ्याला बहुतेक ठिकाणी कसलाच करार मिळत नाही. पैसे रोख घेतले जातात, पावतीही नसते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, अकरा महिन्यांचा असला तरी. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. ती केली नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि वाद झाल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. गावाकडच्या घरांत शब्दावर व्यवहार चालतो, त्यामुळे करार मागणे हा अविश्वास वाटतो. मालकाचेही हित त्यातच आहे, हे शांतपणे सांगितले तर पुष्कळ मालक तयार होतात.

खर्चही वाटतो तितका नसतो. मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के धरलेले व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के असते. समजा, तिघांनी मिळून महिना १२,००० रुपये भाड्याने अकरा महिन्यांसाठी फ्लॅट घेतला आणि ३६,००० डिपॉझिट दिले. भाडे १,३२,०००, व्याज ३,३००. शुल्क साडेतीनशेच्या आत-बाहेर. शहरी भागात नोंदणी शुल्क १,००० रुपये. तिघांत वाटले तर एकाच्या वाट्याला साडेचारशेच्या आसपास येतात, आणि कागदपत्रे करून देणाऱ्याची फी वेगळी. आधार आणि अंगठ्याच्या ठशाने ही नोंदणी घरबसल्या होते. करार वाचताना तीन जागी थांबावे : डिपॉझिट किती दिवसांत परत, सोडण्याआधी किती दिवसांची नोटीस, आणि रंगकाम किंवा दुरुस्तीच्या नावाखाली काय कापले जाणार. मुदत संपल्यावरही जागा अडवून धरली तर कायद्यानुसार दुप्पट भाडे द्यावे लागू शकते, हेही लक्षात असावे. खोलीत पाऊल टाकले त्याच दिवशी भिंती, नळ, पंखे, कॉट यांचे मोबाईलवर फोटो काढून मालकाला पाठवावेत. वर्षाअखेरच्या तक्रारी त्यावर मिटतात.

या कागदावर सरकारी मदतही अवलंबून असते. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना २०१६-१७ पासून सुरू आहे. मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांत शिकणाऱ्याला वर्षाला ६०,००० रुपये, नाशिकसारख्या विभागीय ठिकाणी ५१,००० आणि जळगाव-धुळ्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० रुपये मिळतात. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. इतर मागास, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आली असून तिच्यात प्रत्येक जिल्ह्यात ६०० विद्यार्थी घेतले जातात. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. कापूस आणि केळीच्या पट्ट्यातल्या कितीतरी घरांना ती लागू पडते, पण अर्ज करणारे त्या मानाने थोडे.

स्वाधारच्या ६०,००० मध्ये ३२,००० भोजनाचे, २०,००० निवासाचे आणि ८,००० निर्वाहाचे. निवासाचे वीस हजार दहा महिन्यांवर पसरले तर महिन्याला दोन हजार होतात, आणि पुण्यात विद्यापीठाजवळची साधी कॉटही एवढ्यात मिळत नाही. ही रक्कम वाढायला हवी, यात शंका नाही. तरी ती नाकारावी इतकी क्षुल्लकही नाही. अर्जाला राहण्याचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, हजेरी, आधारशी जोडलेले बँक खाते लागते. कॉटवर बिनकागदाने राहणारा इथेच अडतो. भाडे भरत असूनही तो कुठेच राहत नाही, असे कागद सांगतात. दुसरी अडचण वेळेची. योजनेचे पैसे हप्त्याने, उशिरा येतात, डिपॉझिट मात्र पहिल्या दिवशी मोजावे लागते. म्हणून पहिल्या तीन महिन्यांची तजवीज घरून किंवा सोसायटीकडून आधीच करावी आणि शिष्यवृत्तीच्या भरवशावर मोठ्या भाड्याची खोली धरू नये.

गावाकडे येण्याजाण्याचा खर्च वर्षभरात भाड्याच्या एखाद-दोन महिन्यांएवढा होतो, तरी सुरुवातीच्या हिशेबात तो कुणी धरत नाही. पुण्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेस मनमाड, चाळीसगाव, पाचोरा या मार्गाने जाते. रात्रभराचा प्रवास असल्याने दिवस मोडत नाही. आरक्षण ६० दिवस आधी सुरू होते आणि दिवाळीच्या तारखा पहिल्याच दिवशी भरतात. विद्यार्थ्याला मूळ गावी जाण्यासाठी रेल्वेच्या द्वितीय आणि शयनयान वर्गात ५० टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्याला ७५ टक्के सवलत मिळते. संस्थाप्रमुखाच्या सहीचा नमुना कार्यालयातून घ्यावा लागतो. एसटीतही मोठ्या सुट्टीत गावी जाण्यासाठी निम्मी सवलत आहे. खानदेशाकडच्या एसटी गाड्या २०१९ अखेरपासून शिवाजीनगरऐवजी वाकडेवाडीहून सुटतात. नवख्या विद्यार्थ्याने रात्री अकराला जुन्या स्थानकाच्या शोधात फिरू नये. खासगी ट्रॅव्हल्स थेट गावापर्यंत आणतात, पण सणासुदीला भाडे भडकते. शासनाने २०१८ मध्ये ठरवल्यानुसार त्यांना एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घेता येत नाही. जास्त घेतल्यास तिकिटाचा फोटो ठेवून परिवहन कार्यालयाकडे तक्रार करता येते.

एमएच १९ पाटीची घरची मोटरसायकल पुण्याला न्यायचा मोह अनेकांना होतो. रेल्वेने पार्सल करायची तर टाकी रिकामी, गाडी गोणपाटात बांधलेली आणि नोंदणी पुस्तक व ओळखपत्राची प्रत बरोबर लागते. विद्यापीठाच्या आवारात राहणाऱ्याला सायकल पुरते. लांब राहणाऱ्याला गाडी उपयोगी पडते, मात्र पेट्रोल, पार्किंग आणि हेल्मेट नसल्याचा दंड मिळून पासपेक्षा खर्च वाढतो, आणि शहराच्या रहदारीचा सराव नसलेल्याने पहिले सत्र बसने काढणेच सुरक्षित.

दुसऱ्या वर्षाच्या मे महिन्यात परीक्षा संपते तेव्हा खोली सोडण्याची तयारी एप्रिलमध्येच झालेली असावी. नोटीस लेखी, निदान मोबाईलवरच्या संदेशाने द्यावी. वीजबिल शेवटच्या तारखेपर्यंत भरून पावती घ्यावी. डिपॉझिट खात्यात जमा झाल्यावरच किल्ली द्यावी किंवा निदान उरलेल्या रकमेची तारीख लिहून घ्यावी. पहिल्या वर्षानंतरच्या सुट्टीत खोली राखायची असेल तर मालकाशी दोन महिन्यांच्या निम्म्या भाड्याचे बोलता येते, कारण जूनपर्यंत त्यालाही नवा भाडेकरू सहज मिळत नाही. जागा सोडणाऱ्याने भडगाव-पाचोऱ्याकडून येणाऱ्या पुढच्या विद्यार्थ्याची मालकाशी गाठ घालून दिली, तर कॉट, गादी, टेबल नव्याने घ्यावे लागत नाही, दलाली वाचते आणि मालकाशी झालेला नोंदणीकृत करार पुढच्या वर्षी त्याच अटींवर नव्या नावाने करून घेता येतो.